पलटणीची पुंगळी आणि शिकाऱ्याची रायफल

काडतूस म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें गोळी उभी राहते. परंतु काडतुसाच्या इतिहासांत गोळीपेक्षां तिच्यामागच्या पितळी पुंगळीला अधिक मान आहे. गोळी शिशाची, ती कोणींही ओतावी. काळी दारू घरच्या खलांत कुटणारे लोक गांवोगांव होते. पुंगळीचें तसें नाहीं. पितळेची एक चकती घ्यावयाची, ती साच्यांत दाबून वाटीसारखी करावयाची, तापवून मऊ करावयाची, पुन्हां ओढून लांब करावयाची, पुन्हां तापवावयाची. असें अनेक वेळां केल्यावर तिच्या बुडाशीं टोपीचें घर करावयाचें आणि बाहेरून कड कोरावयाची. एवढें सगळें केसाइतकाहि फरक न पडतां लक्षावधि वेळां व्हावें लागतें. हें काम यंत्रांचें, आणि तीं यंत्रें उभारण्याची ऐपत बहुधा सरकारांचीच. म्हणून शिकारीसाठीं नवें काडतूस काढूं इच्छिणारा बंदूकवाला वारंवार कोणत्या तरी सैन्याची जुनी पुंगळी हातीं घेतो, तिचें तोंड आवळतो किंवा सैल करतो, आणि तिला नवें नांव देतो. अमेरिकन सैन्याच्या १९०६ सालच्या काडतुसाची मान आवळून विंचेस्टर कंपनीनें १९२५ सालीं आपलें .२७० चें प्रसिद्ध शिकारी काडतूस केलें, तें याच रीतीनें.

हिंदुस्थानांत मात्र या सरळ व्यवहारांत एक तिसरा हात शिरला. प्रजाजनानें कोणत्या पुंगळीनें वाघ मारावा हें येथें एकट्या शिकाऱ्यानें ठरविलें नाहीं, एकट्या बंदूकवाल्यानेंहि नाहीं. त्यांत सरकारच्या भीतीचा वाटा फार मोठा होता. त्या भीतीचा उगम एका काडतुसांतच आहे.

सन १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळच्या डमडम येथें एका खलाशानें एका ब्राह्मण शिपायाला नव्या काडतुसावरील चरबीबद्दल टोमणा मारला. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. शिपायांना तेव्हां जी बंदूक शिकविली जात होती ती एन्फील्डची, १८५३ सालच्या नमुन्याची, ठासणीची, नळीचा व्यास.५७७ इंच. तिचें काडतूस म्हणजे दारू व गोळी एकत्र बांधलेली कागदाची गुंडाळी. तिचें टोक दांतांनीं फाडून दारू नळींत ओतावयाची, अशी कवाईतीची रीत होती, आणि सारा अनर्थ त्या दांतांपाशीं झाला. पुंगळीचा येथें पत्ताच नव्हता. दारू आणि गोळी एका धातूच्या घरांत कायमची कोंडून टाकली असती तर शिपायाला दांत लावण्याचें कारणच पडलें नसतें. ती सोय सरकारी रायफलींत आली, पण अवघीं नऊ वर्षें उशिरां.

अमेरिकेंतील जेकब स्नायडर नांवाच्या गृहस्थाची युक्ति ब्रिटिश सरकारनें १८६६ सालीं पत्करली. एन्फील्डच्या असंख्य बंदुका मोडींत न काढतां त्यांच्या नळीची मागची बाजू कापून तेथें बिजागरीचा ठोकळा बसविण्यांत आला. ठासणीची बंदूक त्यायोगें मागून भरतां येऊं लागली. बिचाऱ्या स्नायडरच्या मोबदल्याचा घोळ मिटण्यापूर्वींच तो त्याच वर्षीं वारला. तिच्यासाठीं काडतूस तयार केलें तें कर्नल बॉक्सर यांनीं. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलें नळकांडें, बुडाला धातूची चकती, चकतीच्या मध्यभागीं टोपी. व्यास मात्र तोच, .५७७. म्हणजे १८५७ सालीं ज्या नळीच्या काडतुसानें उत्तर हिंदुस्थान पेटला, त्याच नळीच्या मापावर ब्रिटिश पलटणीची पहिली पुंगळी बेतली गेली. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे कागद मागें पडून पितळ पुढें येत होतें त्याच काळांतला. या कथेच्या शेवटीं त्याची पुन्हां गांठ पडेल.

स्नायडरनंतर १८७१ सालीं मार्टिनी-हेन्री रायफल आली. मागची कळ मार्टिनीची, नळीच्या आंतले आटे एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचे. नळी आतां .४५० इंचांची झाली, कारण बारीक नळींतील लांबट गोळी दूरवर सरळ जाते. पण तेवढ्या बारीक नळीमागें ८५ ग्रेन, म्हणजे सुमारें अर्धा तोळा काळी दारू सरळ पुंगळींत भरली, तर काडतूस पेन्सिलीसारखें लांब व नाजूक होई. कारागिरांनीं मग एक साधी पण दूरगामी युक्ति केली. स्नायडरच्या पुंगळीचें रुंद पोट त्यांनीं तसेंच ठेवलें आणि तोंडाकडील भाग बाटलीच्या मानेसारखा आवळला. पोट .५७७ चें, मान .४५० ची, नांवहि तसेंच पडलें,.५७७/४५०. अडीच तोळ्यांहून जड अशी ४८० ग्रेनांची शिशाची गोळी त्या मानेंतून बाहेर पडे. गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी तापलेल्या नळींत चिकटून बसे आणि ऐन लढाईंत शिपायाला ती सुरीनें उकरावी लागे, ही तक्रार १८८४-८५ च्या सुदानच्या मोहिमेंत फार झाली, तेव्हां अखंड ओढीव पितळेची पुंगळी रूढ झाली. सैन्याच्या पोटावर वेगळी मान चढविण्याची ही हिकमत बंदूकवाल्यांनीं लगेच उचलली. .५७७ च्या पोटावर .५०० ची मान बसवून त्यांनीं शिकारीचीं काडतुसें केलीं, आणि वेगवान आगगाडीवरून त्या वर्गाला ‘एक्सप्रेस’ हें नांव रूढ झालें.

सत्तावन्न सालानंतर सरकारनें जे धडे घेतले त्यांत हत्याराचा धडा पहिला होता. हिंदी शिपायाच्या हातीं गोऱ्या शिपायाहून एक पिढी मागची बंदूक असावी, असा दंडकच पडून गेला. सन १८८० च्या २७ जुलैस अफगाणिस्तानांत मैवंद येथें जो दारुण पराभव झाला, त्यांत गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती, आणि तिच्या शेजारीं लढणाऱ्या मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर व जेकब्स रायफल्स या पलटणींकडे जुनी स्नायडर. जे शिपायांच्या बाबतींत झालें तेंच प्रजेच्या बाबतींत अधिक कडकपणें झालें. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून हत्यार बाळगणें हा अपराध ठरला. गोऱ्यांना मात्र त्यांतून सूट राहिली. रानडुकरांनीं पीक फस्त केलें तरी कुणब्यानें परवान्यासाठीं कचेरीची पायरी चढावी, आणि शेजारच्या मळेवाल्या साहेबानें भिंतीवर पांच बंदुका टांगाव्या, हा भेद लोकांच्या मनांत फार सलला. राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध ठराव केला.

इतकें करूनहि भीति गेली नाहीं. तिनें फक्त दिशा बदलली. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हातीं मार्टिनी-हेन्री मोठ्या संख्येनें पोंचल्या होत्या. कांहीं लढाईंत लुटलेल्या, कांहीं छावण्यांतून चोरलेल्या, कांहीं मस्कतच्या व्यापारी गलबतांतून इराणच्या किनाऱ्यावर उतरून उंटांवर लादून आणलेल्या. कोहाटच्या खिंडींतील आदमखेल आफ्रिदींनीं तर हातभट्टीवर तिच्या हुबेहूब नकला केल्या, इंग्रजी शिक्क्यासुद्धां. त्या शिक्क्यांतील अक्षरें कधीं कधीं उलटीं पडत, एवढाच फरक. मात्र पठाणी लोहाराला रायफल करतां आली तरी पुंगळी करतां येत नसे. ओढीव पितळेची यंत्रें त्याच्याजवळ कोठून असणार? म्हणून रिकामी पुंगळी त्या डोंगरांत जपून ठेवण्याची वस्तु झाली. ती उचलावी, बुडाला नवी टोपी बसवावी, दारू भरावी, गोळी ओतावी आणि पुन्हां झाडावी. तिरा प्रांतांत १८९७ सालीं सरकारी फौजेवर ज्या गोळ्या आल्या, त्यांत मार्टिनीच्या गोळ्यांचा भरणा मोठा होता.

याच सुमारास विलायतेंत शिकारी रायफल भरभराटीला आली होती. लंडनचे बंदूकवाले जॉन रिग्बी यांनीं १८९८ सालीं .४५० च्या जुन्या लांब एक्सप्रेस पुंगळींत बिनधुराचें कॉर्डाइट भरलें. ४८० ग्रेनांची गोळी सेकंदाला दोन हजार फुटांहून अधिक वेगानें जाऊं लागली. हत्ती, गवा, वाघ यांच्यासाठीं ही दुनळी रायफल म्हणजे शेवटचा शब्द, असें राजेरजवाडे व साहेबलोक मानूं लागले. पण .४५० हा आंकडा सरकारच्या कानांत खटकला. वास्तविक शिकाऱ्याची ती लांब पुंगळी मार्टिनीच्या घरांत बसत नव्हती. तरीहि तिची गोळी वेगळी काढतां येते, टोपी वेगळी काढतां येते, आणि हीं जिन्नसें परवानेवाल्याच्या कपाटांतून निघून सरहद्दीपर्यंत जाऊं शकतात, असा सरकारचा हिशेब होता. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानांत व सुदानांत .४५० च्या मापावर बंदी पडली. पलटणीची चालू रायफल .३०३, तिचें मापहि खाजगी माणसाला निषिद्ध झालें.

लंडनच्या दुकानांत या हुकुमानें हाहाकार उडाला असेल असें वाटतें, पण व्यापारी जात चिवट. हिंदुस्थान ही त्यांची मोठी पेठ; ती सोडणें शक्य नव्हतें. हॉलंड अँड हॉलंड यांनीं .५०० च्या पुंगळीची मान .४६५ पर्यंत आवळली. जोसेफ लँग यांनीं .४७० काढलें. जेफरी यांचें .४७५ नंबर दोन, वेस्टली रिचर्ड्स यांचें .४७६. अशीं चार-पांच मापें दोन-तीन वर्षांच्या आंत बाजारांत आलीं, आणि त्यांच्यांत खरा फरक म्हणाल तर इंचाच्या शंभराव्या हिश्श्याचा. वाघाला किंवा गव्याला या आंकड्यांतील भेद कळण्याचें कारण नव्हतें. तो भेद केला होता कचेरींतील फायलीसाठीं. गमतीची गोष्ट अशी कीं, बंदीच्या पोटीं जन्मलेलें .४७० हेंच पुढें सर्वांत लोकप्रिय ठरलें. आफ्रिकेंत हत्ती-रेड्यांच्या शिकारीसाठीं दुनळी रायफली आजहि त्या मापाच्या होतात. ज्या मार्टिनीच्या धास्तीनें तें जन्मलें ती रायफल केव्हांच संग्रहालयांत गेली.

.३०३ ची कथा याहून वेगळी आणि अधिक कडू आहे. हें काडतूस १८८८ सालीं काळ्या दारूनें सुरू झालें आणि थोड्याच वर्षांत त्यांत कॉर्डाइट आलें. गोळी २१५ ग्रेनांची, वरून कठीण धातूचें कवच. चित्रळच्या १८९५ च्या मोहिमेनंतर तक्रार आली कीं ही गोळी माणसांतून सुईसारखी आरपार जाते आणि माणूस चालून येतच राहतो. तेव्हां डमडमच्या कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं गोळीच्या टोकावरील कवच काढून आंतलें मऊ शिसें उघडें ठेवलें. शरीरांत शिरतांच तें फुलून पसरे. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या डमडमच्या काडतुसानें शिपायांचा धर्म बुडतो अशी हाकाटी झाली, त्याच डमडमचें नांव आतां जगाच्या भाषांत क्रूर गोळीचें नांव म्हणून गेलें. १८९९ च्या हेग परिषदेंत अशा गोळ्या युद्धांत न वापरण्याचा जाहीरनामा झाला. माणसावर निषिद्ध ठरलेली ती मऊ टोकाची गोळी जनावरांसाठीं मात्र योग्य मानली गेली, आणि तेंहि विचारपूर्वक. कारण आरपार गेलेल्या गोळीचा जखमी वाघ शिकाऱ्यालाच नव्हे, तर पुढें साऱ्या मुलखाला भोवतो. सैन्यानें टाकलेली गोळी अशा रीतीनें शिकारींत कायमची राहिली.

आतां .४५० गेलें, .३०३ गेलें. मध्यम प्रतीच्या शिकाऱ्यानें करावें काय? दुनळी .४७० ही संस्थानिकांची मिजास. ती सामान्य परवानेवाल्याला झेपणारी नव्हती. उपाय सोपा निघाला. आपल्या सैन्याची पुंगळी मना असेल तर दुसऱ्याच्या सैन्याची घ्यावी.

दोन परक्या पुंगळ्यांनीं हिंदुस्थानांत घर केलें. पहिली माउझरची, ७ मिलिमीटर व्यासाची. १८९३ सालच्या स्पॅनिश रायफलीमुळें ती प्रसिद्धीस आली, आणि दक्षिण आफ्रिकेंतील १८९९ ते १९०२ च्या युद्धांत बोअर शेतकऱ्यांनीं तिच्यायोगें इंग्रज फौजांना दुरूनच टिपलें. ज्या काडतुसानें आपले सैनिक पाडले त्याच काडतुसाला रिग्बी यांनीं १९०७ सालीं .२७५ रिग्बी असें इंग्रजी नांव देऊन दुकानांत मांडलें. कुमाऊंमधील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला, जिच्या नांवावर ४३६ बळी सांगितले जातात, जिम कॉर्बेट यांनीं त्याच १९०७ सालीं मारलें. संयुक्त प्रांताचे नायब गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनीं त्याबद्दल त्यांना जी रायफल भेट दिली ती याच.२७५ मापाची होती. हलकी, अचूक, खांद्याला धक्का थोडा. पुढें नरभक्षकांच्या मागावर तीच त्यांची सोबतीण झाली. आफ्रिकेंत बेल नांवाच्या शिकाऱ्यानें याच बारीक गोळीनें शेंकडों हत्ती लोळविले, हें ऐकून जड रायफलींचे अभिमानी अजूनहि नाकें मुरडतात.

दुसरी पुंगळी ऑस्ट्रियाची, आणि हिंदी सामान्य जनांचा खरा संबंध हिच्याशीं. मानलिखर यांची ८ मिलिमीटरची रायफल ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यानें १८८८ सालीं घेतली. प्रथम काळी दारू, मग बिनधुराची. गोळी २४४ ग्रेनांची, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. या काडतुसाला .३०३ प्रमाणेंच बुडाशीं बाहेर आलेली कड होती आणि अंगलट पुष्कळशी तशीच होती. त्यामुळें बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीला ली-एन्फील्डची तयार कळ जवळजवळ जशीच्या तशी ठेवून केवळ नळी व काडतुसाचें घर बदलून नवी रायफल करतां आली. तिचें नांव ठेवलें .३१५. अशा रीतीनें जी रायफल बाहेर आली ती दिसायला पलटणीची, चालवायला पलटणीची, पण पलटणीचें काडतूस तिच्यांत चालेना आणि तिचें काडतूस पलटणीच्या रायफलींत बसेना. सरकारला नेमकें एवढेंच हवें होतें. ज्या साम्राज्याच्या सैन्यासाठीं हें काडतूस जन्मलें तें १९१८ सालीं मोडलें. खुद्द ऑस्ट्रियानें १९३० सालीं तें बाजूला सारून नवें काडतूस घेतलें. व्हिएन्नाच्या शस्त्रागारांतून निवृत्त झालेली ही पुंगळी मध्यप्रांताच्या जंगलांत आणि संयुक्त प्रांताच्या जमीनदारी वाड्यांत मात्र तरुणच राहिली.

सरकारी सावधगिरीचा आणखी एक नमुना पोलिसांच्या बंदुकींत दिसतो. गांवोगांवच्या चौकीदारांना व पोलिसांना देण्यासाठीं बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यानें जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्या आंतून गुळगुळीत करून .४१० पर्यंत मोकळ्या केल्या आणि एका वेळीं एकच बार भरतां येईल अशी तजवीज केली. तिचें काडतूस म्हणजे .३०३ ची पुंगळीच, फक्त मान आवळायची राहिलेली. इतर सर्वत्र सैन्याची पुंगळी सुधारून शिकारीची झाली. येथें ती मुद्दाम बिघडवून आपल्याच नोकरांच्या हातीं दिली गेली.

स्वातंत्र्य आलें, परंतु मापांचा हा बारकावा राहिला. १८७८ च्या कायद्याच्या जागीं १९५९ सालीं नवा कायदा झाला, तरी निषिद्ध बोअर ही कल्पना कायम राहिली, आणि .३०३ नागरिकाला निषिद्धच राहिलें. विलायती रायफली येणें पुढें जवळपास बंद झालें, तेव्हां .३१५ ची रायफल ईशापूर येथेंच तयार होऊं लागली. तिचीं काडतुसें खडकीस होऊं लागलीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें शिकारीचें युग संपविलें. वाघासाठीं आणलेली पुंगळी आतां बँकेच्या पहारेकऱ्याच्या आणि शेत राखणाऱ्या बागाईतदाराच्या कंबरपट्ट्यांत जाऊन बसली.

आणि कोहाटच्या लोहारानें जें केलें होतें तें उत्तर प्रदेश व बिहारमधील चोरट्या भट्ट्यांनीं पुन्हां केलें. परवान्यावर मिळणारें रायफलीचें सुलभ काडतूस .३१५ चें, म्हणून लोखंडी नळीचा जो ओबडधोबड गांवठी कट्टा तयार होतो तो फार वेळां त्याच मापाचा होतो. ज्या काडतुसाची निवड तें बंडखोरांच्या हत्यारांत बसूं नये म्हणून झाली, त्याच्याभोंवतीं हत्यारच नवें घडविलें गेलें. तेथील फौजदारी खटल्यांच्या कागदांत, घटनास्थळीं सांपडलेल्या रिकाम्या पुंगळीच्या वर्णनांत, एक ओळ वरचेवर येते: तळावर ‘८ एम. एम., के. एफ.’ अशी मुद्रा. आठ मिलिमीटर हें ऑस्ट्रियाच्या सैन्याचें माप. के. एफ. म्हणजे कर्की फॅक्टरी, आपली खडकी.